मदत हवी आहे: फोटोतला हा जुना नट कोण? शुक्रवारपर्यंत नाव हवं

गिरणाकाठ (मंगळवार, रात्री 9:40)
नमस्कार मंडळी. सोबत एक जुना कृष्णधवल फोटो जोडलाय. यातला माणूस कोण, कुणी ओळखेल का? कुठल्यातरी जुन्या पिक्चरमधला नट आहे हे नक्की. चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. रविवारी कार्यक्रम आहे आणि फ्लेक्सवाल्याला शुक्रवारी दुपारपर्यंत मजकूर द्यायचाय, फोटोखाली नाव टाकून. घरात तीन दिवस वाद चाललाय. मोठा भाऊ म्हणतो राजा गोसावी, आत्या म्हणते धुमाळ. जाणकारांनी जरा लवकर सांगा.

सातपुडा
फोटो दिसत नाहीये. नुसती रिकामी चौकट येतेय.

गिरणाकाठ
पुन्हा जोडला. आता दिसतोय का बघा.

तापीकाठ
भो, हाऊ ते भगवान दादा शे! इतलं बी वळखता येस नही का तुमले? मन्हा बापनी 'अलबेला' सात येळा देखेल शे.

तिसरी घंटा
राजा गोसावी तर अजिबात नाहीत. मी त्यांना रंगमंचावर समोरून पाहिलंय. 1952 साली 'लाखाची गोष्ट' आला तेव्हा नायक असूनही पुण्यात स्वतःच्याच पिक्चरची तिकिटं त्यांनी खिडकीत बसून विकली होती. 1998 मध्ये गेले तेही नाटकाच्या मेकअपला बसलेले असताना. असा माणूस पुन्हा होणं नाही. धुमाळही वाटत नाहीत. मला हा शरद तळवलकरांचा तरुणपणचा फोटो वाटतो.

सातपुडा
तळवलकर? नाकाकडे नीट बघा. आणि धागाकर्ते, तुम्ही फोटो कापून टाकलाय. उजव्या बाजूला कुणाचा तरी खांदा दिसतोय. पूर्ण फोटो टाका, मागची बाजूही टाका. कुठे काढलाय, कधी काढलाय, कोणाच्या घरातून मिळाला, काहीच सांगितलं नाही तर कोण काय ओळखणार?

पिक्सेलदादा
एवढी चर्चा कशाला? गूगल लेन्सला द्या. नाहीतर एआयने रंगीत करून घ्या, चेहरा लगेच स्वच्छ होईल. मी आजोबांच्या लग्नाचा फोटो तसा केलाय. आज्जीच्या शालूचा रंगसुद्धा आला.

गिरणाकाठ
लेन्सने चार वेगवेगळे लोक दाखवले, त्यातला एक क्रिकेटपटू. खांदा बाबांचा आहे. त्यांच्याच पंच्याहत्तरीचा कार्यक्रम आहे. मला फक्त नटाचं नाव हवंय.

तिसरी घंटा
अहो, मग बाबांनाच विचारा की! शेजारी उभे आहेत ते.

अमळनेरची लेक
तेच म्हणते. ज्यांचा फोटो त्यांना सोडून गावाला का विचारताय?

गिरणाकाठ
बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला, त्यामुळे लिहिताही येत नाही. कळतं सगळं. हा फोटो त्यांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत कागदाखाली सापडला. दाखवला की हसतात, बोटाने त्या माणसाला हात लावतात. आम्ही एकेक नाव घेतो आणि ते मान हलवतात. राजा गोसावी, नाही. धुमाळ, नाही. कालपासून इथली सगळी नावं घेऊन झाली, तळवलकर आणि भगवान दादांसकट. सगळ्यांना नाहीच.

अमळनेरची लेक
माफ करा दादा, मला माहीत नव्हतं. पूर्ण फोटो टाका, आपण शोधू.

शास्त्रीय
पंच्याहत्तरीला ऐंद्री शांत करतात, हे लक्षात असू द्या. ऐंशीला सहस्रचंद्रदर्शन असतं. बरेच लोक दोन्हींत गल्लत करतात. गुरुजी आधी सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाहीत.

गिरणाकाठ
पूर्ण फोटो आणि मागची बाजू जोडली. मागे निळ्या शाईचा शिक्का आहे, पुसट झालाय, 'चाळीसगाव' एवढंच वाचता येतं. आम्ही चाळीसगावचेच.

कॅमेराकाका
छान केलंत. फोटो चौकोनी आहे, चारही बाजू सारख्या. म्हणजे स्टुडिओतला नाही, साध्या पेटी कॅमेऱ्याचा. आपल्याकडे तेव्हा आग्फा क्लिक थ्री घरोघरी असायचा. एका रोलमध्ये 12 फोटो आणि निगेटिव्ह चौकोनी. कडा कातरल्यासारख्या आहेत, तसा कागद पन्नास-साठच्या दशकात फार चालायचा. शिक्का फक्त रोल धुऊन छापून देणाऱ्याचा. म्हणजे फोटो चाळीसगावलाच काढला असं यावरून ठरत नाही. बाबांचं त्या वेळचं वय किती असेल?

गिरणाकाठ
अठराच्या आसपास. म्हणजे 1967-68.

रसिक चाळीसगाव
चाळीसगावचा शिक्का म्हटल्यावर कुणीच केकी मूस यांचं नाव घेऊ नये? स्टेशनजवळच्या त्या बंगल्यात माणसाने आयुष्य काढलं. टेबलटॉप फोटोग्राफीत, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून देखावा उभा करायचा आणि त्याचा फोटो काढायचा त्या कलेत, त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. 1989 ला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी गेले. हा फोटो त्यांचा असेल तर तुमच्याकडे खजिना आहे!

कॅमेराकाका
रसिकभाऊ, मूस यांच्याबद्दल मलाही तेवढाच आदर आहे. पण ते वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत, हे तुम्हीच लोकांना सांगता. हा फोटो उघड्या मैदानात, उन्हात काढलाय. माणसांच्या सावल्या पायाशी आहेत, चौकट तिरपी आहे. मूस यांचा फोटो एवढा तिरपा असूच शकत नाही.

रसिक चाळीसगाव
मी शक्यता मांडली. शक्यता मांडायला बंदी आहे का? बाकी मंडळींनी एकदा तो बंगला पाहून या, एवढंच म्हणणं.

पिक्सेलदादा
पूर्ण फोटो रंगीत करून जोडलाय. किती सुंदर दिसतोय बघा!

कॅमेराकाका
काढा तो. तुमच्या एआयने बाबांना मिशी दिलीय आणि नटाचे डोळे बदललेत. ओळख पटवायची असेल तर मूळ फोटोला हात लावायचा नसतो. स्कॅन करायचा तर 600 डीपीआयवर करा आणि रंगांचे प्रयोग फ्लेक्सनंतर.

सातपुडा
मी फोटो मोठा करून बघितला. मागे टांगा आहे. टांग्याच्या बाजूला रंगवलेला फळा बांधलाय, त्यावर नाचणारी जोडी आणि अर्धवट अक्षरं: '…बेला'. त्याच्या मागे कनात किंवा तंबू. खाली वाळू. नटाच्या हातात काहीतरी लांबट, पितळी लोटा वाटतो.

तापीकाठ
मी काय सांगेल व्हतं! 'अलबेला'! भगवान दादाच शे!

तिसरी घंटा
'अलबेला' 1951 चा. भगवान दादा, गीता बाली, सी. रामचंद्रांचं संगीत. 1968 मध्ये भगवान दादा वाळूत टांग्याशेजारी कशाला उभे राहतील? शिवाय भगवान दादा ठेंगणे, गोल अंगाचे. अमरावतीत जन्म, गिरणी कामगाराचा मुलगा, कुस्तीचा नाद. फोटोतला माणूस बाबांपेक्षा चार बोटं उंच आहे. धागाकर्ते, बाबांची उंची किती?

गिरणाकाठ
पाच फूट नऊ इंच.

तिसरी घंटा
मग भगवान दादा बाद. पन्नास वर्षं पिक्चर बघतोय, एवढं कळतं.

अमळनेरची लेक
वाळू बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे बोरीचं पात्र वाटतंय, अमळनेरचं. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा नदीच्या पात्रातच भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. माझ्या लहानपणी पाळणे, भांड्यांची दुकानं, तमाशाचे फड आणि सिनेमाचे तंबू एका रांगेत असायचे. तंबूत पडदा मधोमध, अर्धे लोक समोरून बघायचे, अर्धे मागून. मागून बघणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं, हिरो डाव्या हाताने तलवार चालवायचा. आम्ही पोती घेऊन जायचो बसायला. गोडीशेव आणि मुरमुऱ्यांचा पुडा आईच्या मांडीवर.

भरीतप्रेमी
आमच्याकडे भुसावळला थेटर पक्कं होतं, पण इंटरव्हलला मुरमुरेच. भरीत-पुरी पिक्चर सुटल्यावर घरी. बामणोदची वांगी असतील तरच भरीत, बाकी सगळं भाजलेलं वांगं.

सातपुडा
भरीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीशी खातात. पुरीशी खाणं हा पाहुण्यांचा प्रकार.

भरीतप्रेमी
आमच्या लेवा पाटलांच्या लग्नात येऊन हे बोलून दाखवा. भरीत-पुरी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

गिरणाकाठ
कृपया विषयावर या. उद्याचा एकच दिवस हातात आहे.

रीळवाला (गुरुवार, पहाटे 5:15)
मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. टायपिंग नातीने शिकवलं, चुका पोटात घाला. वय 77. सुरुवातीची सहा वर्षं मी फिरत्या टॉकीजमध्ये, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या तंबू सिनेमात ऑपरेटर होतो, नंतर पक्क्या थेटरात.

हा नट नाही. हा पुकाऱ्या आहे.

सातपुडाभाऊ, हातात लोटा नाही, पत्र्याचा भोंगा आहे, तोंडाची बाजू त्याने अंगाकडे वळवून धरलीय. प्रत्येक कंपनीत असा एक माणूस असायचा. ज्या दिवशी जो पिक्चर, त्या दिवशी त्यातल्या हिरोसारखा नटून तो सकाळी टांग्यातून निघायचा. फोटोत भुवया बघा, काजळाने रेखल्यात. गालाला रंग आहे. तुम्हाला चेहरा ओळखीचा वाटतो तो याच्यामुळे, त्याने भगवान दादांचं सोंग घेतलंय. गावात शिरला की आधी रेकॉर्डचं गाणं, मग भोंगा: आज रात्री ठीक साडेनऊ वाजता. पोरं पाम्प्लेटांसाठी टांग्यामागे पळायची.

1951 चा पिक्चर 1968 ला कसा, तेही सांगतो. नवी प्रिंट तंबूला परवडायची नाही. शहरांत फिरून फिरून झिजलेली प्रिंट आमच्या वाट्याला यायची. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. मशीन एकच, त्यामुळे दर रिळाला थांबा. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. रीळ तुटलं की शिट्ट्या, मग ते कापून डकवायचं. दर डकवण्यात एखादी फ्रेम जायची, म्हणून काही प्रिंटांत गाण्याची आख्खी ओळ गायब असायची. इंजिन बंद पडलं तर पब्लिक तंबूचे दोर सोडायचं.

आता मुख्य गोष्ट. सगळे त्या माणसाकडे बघताय, बाबांकडे कुणी बघितलं नाही. त्यांच्या डाव्या काखेत कागदांचा गठ्ठा आहे, तीच पाम्प्लेटं. पायाशी बादली आहे, तिच्यातून दांडी वर आलीय. ती खळीची बादली आणि कुंचा. पोस्टर डकवायचं काम कंपनीतल्या सगळ्यात नव्या पोराकडे असायचं. तुमचे बाबा नटासोबत फोटो काढायला आलेले प्रेक्षक नाहीत. ते कंपनीत होते.

कॅमेराकाका
काका, मी तो गठ्ठा चार वेळा बघितला आणि वर्तमानपत्र समजलो. तुमचं बरोबर आहे.

गिरणाकाठ
रीळवाला काका, मला काय लिहावं कळत नाही. बाबांची सगळी नोकरी एसटीत गेली. सिनेमाचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही, आम्हाला थेटरात नेलं तेही मामाने. तुमचं लिहिलेलं आत्ता त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'भोंगा' शब्द आला आणि त्यांनी डावा हात तोंडाशी नेला, मुठीचा गोल करून. आवाज आला नाही, पण ओठ हलत होते. खळीच्या बादलीपर्यंत पोचलो तेव्हा ते हसत होते आणि डोळे वाहत होते.

आत्याला फोन केला. ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, मॅट्रिकला नापास झाल्यावर तो सहा महिने घरातून निघून गेला होता. परत आला तेव्हा हाताला खळीचा वास होता. आजोबांनी सगळ्यांना बजावलं, हा विषय घरात पुन्हा निघता कामा नये. आणि ती स्वतः इतकी वर्षं गप्प राहिली, आताही धुमाळच म्हणत बसली होती.

काका, त्या माणसाचं नाव काय असेल?

रीळवाला
ते मला सांगता येणार नाही. आमची कंपनी वेगळी, आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेपासून सुरुवात करून तापीच्या काठाने फिरायचो. आमच्या पुकाऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे, खरं नाव मलाही कधी कळलं नाही. बाबांना 'मास्तर' म्हणून विचारून बघा.

गिरणाकाठ
विचारलं. मान हलवली, नाही. पण या वेळी हसून.

तिसरी घंटा
फ्लेक्सवर 'ख्यातनाम अभिनेत्यासोबत' असं लिहायला हरकत नाही. कोण तपासायला येतंय?

अमळनेरची लेक
घंटाभाऊ, असं सुचवू नका. ज्यांना माहीत आहे ते समोर खुर्चीवर बसलेले असतील. नावाची जागा रिकामी ठेवा. 'तंबू सिनेमाची मंडळी' एवढंच लिहा.

गिरणाकाठ
ताई, तसंच लिहितोय. साल घातलं नाही. बोरीचं पात्र का, असं बाबांना विचारलं तर मान होकारार्थी हलली, म्हणून अमळनेर घातलंय.

तापीकाठ
तरी मन्हं म्हणनं, सोंग ते भगवान दादानंच व्हतं ना.

रीळवाला
हो भाऊ, सोंग त्यांचंच. गिरणाकाठ, एक विचारू का? रविवारी मी आलो तर चालेल? भुसावळहून सकाळच्या गाडीने येता येईल. माझ्याकडे एका प्रिंटमधून कापलेल्या पाच-सहा फ्रेमा आहेत, डब्यात जपून ठेवल्यात. त्यांना उजेडासमोर धरून दाखवीन.

गिरणाकाठ
या काका, नक्की या. पत्ता निरोपात पाठवतो, स्टेशनवर भाऊ घ्यायला येईल. जेवण साडेबाराला. भरीत आहे, पुरी आणि कळण्याची भाकरी दोन्ही.