बाबांसोबत बघायला: मूळ सिनेमा की अमेरिकन रीमेक? (कृपया शेवट फोडू नका)

तिखटमीठ:
मंडळी, सल्ला हवाय. बाबा ७४ वर्षांचे, तार खात्यातून निवृत्त. आई गेल्यापासून दर शनिवारी रात्री आम्ही दोघं एक सिनेमा बघतो. त्यांना पोलीस-चोर लागतं, पण हाणामारी नको, डोकं चालवायला लावणारं हवं. गेल्या आठवड्यात 'द डिपार्टेड' लावला. आवडला. संपल्यावर म्हणाले, "हा मुळात हाँगकाँगचा ना? मग मला नक्कल कशाला दाखवलीस?"

आता अडचण अशी की एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा बाकी आहे. खालची अक्षरं भराभर वाचता येत नाहीत. अशा वेळी इंग्रजी रीमेकच बरे, की मूळ सिनेमासाठी त्रास घ्यावा इतका फरक असतो?

खवट_म्हातारा:
एक विचारतो. 'डिपार्टेड' अक्षरं न लावता बघितलात?

तिखटमीठ:
नाही हो, लावली होती. बॉस्टनचे पोलीस काय बोलतात ते मलाच कळेना.

खवट_म्हातारा:
मग मिटलं की! वाचायचंच आहे तर अस्सल वाचा. 'डिपार्टेड'चा मूळ सिनेमा 'इन्फर्नल अफेअर्स' (२००२) १०१ मिनिटांचा आहे, दिग्दर्शक स्कोर्सेसीचा 'डिपार्टेड' अडीच तासांचा. डोळ्यांचे पन्नास मिनिटांचे श्रम वाचले. आणि मोठा पडदा, मोठी पिवळी अक्षरं, सेटिंगमध्ये जाऊन करून द्या.

रात्रपाळी:
खवटकाका, 'नक्कल' म्हणून झटकून टाकण्यातला तो नाही. दिग्दर्शनाचं पहिलं ऑस्कर स्कोर्सेसीला त्याच सिनेमानं दिलं, २००७ साली, सिनेमाला एकूण चार मिळाली. (त्या सोहळ्यात निवेदकानं मूळ सिनेमा जपानी असल्याचं सांगून टाकलं, ते वेगळं.) त्यानं गोष्ट बॉस्टनच्या आयरिश वस्तीत अशी मुरवली की ती तिथलीच वाटते. शिव्यांसकट.

पण मूळ सिनेमात एक वेगळीच शांतता आहे. सुरुवातीलाच पोलिसांत घुसलेला गुंड आणि गुंडांत घुसलेला पोलीस एका ऑडिओच्या दुकानात शेजारी शेजारी बसून स्पीकरवर जुनं गाणं ऐकतात. कोण कोणाच्या शेजारी बसलाय हे दोघांनाही माहीत नाही. बस, एवढंच. त्या पोलिसाचं काम करणाऱ्या टोनी लेउंगचा चेहरा बघत राहावा. रीमेकमध्ये हे नाही. तसंच मूळ सिनेमात दोघांच्या आयुष्यात वेगवेगळ्या बायका आहेत, अमेरिकन पटकथेत त्यांची मिळून एकच डॉक्टरीण केली आहे. हुशारी आहे, पण योगायोग जरा ताणला जातो.

आणि बाबांना चिनी नावाचा अर्थ सांगा. ते बौद्धांच्या अवीची नरकावरून आलंय, जिथे यातनेला उसंतच नाही असा नरक. शब्द आपलाच. हे एकदा कळलं की शेवट वेगळाच लागतो.

उत्तरध्रुव:
माझं मत 'इन्सोम्निया'ला, आणि दोन्ही बघा. मूळ नॉर्वेजियन १९९७चा, क्रिस्टोफर नोलनचा अमेरिकन रीमेक २००२चा. मी नोकरीनिमित्त दोन उन्हाळे उत्तर नॉर्वेत ट्रोम्सोला काढलेत, मूळ गोष्ट त्याच भागात घडते. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही. रात्री दोन वाजता खिडकीला पडदा, पडद्यावर चादर, चादरीला चिकटपट्टी, तरी कडेनं उजेड येतोच. तपासाला आलेल्या अधिकाऱ्याला झोप नाही आणि डोकं हळूहळू नासत जातं, हे त्या सिनेमात अंगावर येतं.

भाषांतरात हरवणारी एक गोष्ट: मूळ सिनेमातला अधिकारी स्वीडिश आहे, भोवतालचे सगळे नॉर्वेजियन. कोल्हापूरच्या ठाण्यात नागपूरचा फौजदार तोंड उघडल्याबरोबर जसं कळेल, तसं त्यांना कळतं. इंग्रजी अक्षरांत ते दिसत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा. नोलननं गोष्ट अलास्कात नेली. अल पचिनोचा अधिकारी चुकतो तरी आपल्याला त्याची दया येते. मूळ सिनेमातला स्टेलन स्कार्सगार्डचा नुसता किळसवाणा होत जातो. मला तोच खरा वाटला.

खवट_म्हातारा:
'स्पूरलोस' (१९८८) सुचवतो, डच आहे. पेट्रोलपंपावरून एक बाई नाहीशी होते, पुढचं काही सांगत नाही. त्याच दिग्दर्शकानं, जॉर्ज स्लाउझरनं, १९९३ साली हॉलिवूडमध्ये तोच सिनेमा स्वतः केला आणि शेवटाचं मातेरं केलं. स्वतःच्या हातानं! त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्या निशिकांत कामतनंही 'डोंबिवली फास्ट' तमिळमध्ये स्वतःच केला होता, तेव्हा स्वतःचाच सिनेमा पुन्हा करणं हा गुन्हा नाही. शेवट गुळगुळीत करणं हा आहे.

रात्रपाळी:
+१. आणि अर्जेंटिनाचा 'द सिक्रेट इन देअर आईज' (२००९) राहिला. त्यात संशयिताला त्याच्या फुटबॉलवेडावरून हुडकतात. कॅमेरा आकाशातून स्टेडियमवर उतरतो, गर्दीत शिरतो आणि सलग पाचेक मिनिटं पाठलाग. मागे १९७४-७५चा अर्जेंटिना आहे, सरकारच गुंड पाळत होतं तो. २०१५च्या रीमेकमध्ये बेसबॉल आणि ११ सप्टेंबरनंतरचं लॉस एंजेलिस आहे. ज्युलिया रॉबर्ट्स, निकोल किडमन सगळे आहेत, नाही फक्त जीव.

डोळ्यांचाच प्रश्न असेल तर 'द गिल्टी'. पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये एक माणूस फोनवर बोलतोय, सगळी गोष्ट कानांवर. इथे मात्र मूळ डॅनिश सोडा, जेक जिलनहालचा इंग्रजी (२०२१) लावा. डोळे मिटून ऐकला तरी चालेल.

तिखटमीठ:
वृत्तांत देते. काल 'इन्फर्नल अफेअर्स' झाला. अक्षरं मोठी केली, मध्ये एकदा डोळ्यांत थेंब घालायला थांबलो.

गुंडांतला पोलीस बोटानं टकटक करून मोर्समध्ये (तारेच्या डॉट-डॅशच्या लिपीत) साहेबाला निरोप पाठवतो, तिथे बाबा ताडकन उठून बसले. "थांब. मागे घे." तीन वेळा मागे घेतलं. मग निकाल आला: "नुसत्या ठोक्याला लांबी नसते, डॅश कसा काढणार? आमच्या तारयंत्राच्या साउंडरला दोन आवाज. दांडी खाली आली की एक, वर गेली की दुसरा. मधला वेळ जोखायचा." आणि टीपॉयवर चमच्यानं मला माझं नाव वाजवून दाखवलं. 'डिपार्टेड'मध्ये त्या जागी मोबाइलचे मेसेज आहेत. त्यावर म्हणाले, "त्यात कसली आलीय विद्या!"

पुढच्या शनिवारी 'स्पूरलोस'. खवटकाका, झोप उडाली तर फोन तुम्हाला करायला सांगेन.