मदत हवी आहे : महाराष्ट्रातील कारागृहांची विभागवार क्षमता आणि दर बंद्यामागील खर्च

करीरोडवाली
नमस्कार. राज्यातील कारागृहांची विभागवार क्षमता, प्रत्यक्ष बंदीसंख्या आणि एका बंद्यावर होणारा खर्च यांचा तुलनात्मक तक्ता मला तातडीने करायचा आहे आणि काम खर्चाच्या रकान्यापाशी अडले आहे. राज्यांच्या न्यायव्यवस्थेचे मूल्यमापन करणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ या अहवालाच्या २०२५ च्या आवृत्तीत महाराष्ट्र एका बंद्यावर दिवसाला ४७ रुपये खर्च करतो असे दिले आहे. देशाची सरासरी १२१ रुपये आणि आंध्र प्रदेशाचा आकडा ७३३ रुपये आहे. मी अर्थसंकल्पातील तरतुदीला बंदीसंख्येने भागून पाहिले, तर उत्तर ४७ च्या कितीतरी पट येते. या दोहोंपैकी खरे कोणते मानायचे? आणि विभागवार खर्च एका जागी कुठे मिळेल? कृपया ‘शोधून पाहा’ असे कोणी सांगू नये, शोधूनच इथे आले आहे.

जुना_लेखापाल
ताई, आपण बरेच काही गृहीत धरून लिहिले आहे. तरतूद कोणत्या वर्षाची घेतली? मूळ अंदाजाची घेतली, सुधारित अंदाजाची, की प्रत्यक्ष खर्चाची? बंदीसंख्या कोणत्या तारखेची? आणि ‘विभाग’ म्हणजे महसुली विभाग की कारागृह खात्याचे विभाग? महसुली विभाग सहा आहेत. कारागृह खात्याची उपमहानिरीक्षक कार्यालये मात्र दक्षिण (भायखळा), पश्चिम (येरवडा), मध्य (छत्रपती संभाजीनगर) आणि पूर्व (नागपूर) अशा वेगळ्या रचनेने चालतात. या दोन रचना एकाच तक्त्यात मिसळल्या, तर पुढचे सगळे गणित वाया जाईल.

अर्जदार
माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. दहा रुपयांचे शुल्क, साधा कागद आणि ‘कारागृहनिहाय मंजूर क्षमता, दरमहा सरासरी बंदीसंख्या व शीर्षनिहाय खर्च’ एवढी एक ओळ पुरते. माहिती देणे त्यांना बंधनकारक आहे. मी अनेक खात्यांकडून अशीच माहिती काढली आहे.

करीरोडवाली
अर्जाला तीस दिवस लागतात आणि माझ्याकडे आठवडासुद्धा नाही, म्हणूनच इथे विचारले. लेखापाल साहेब, विभाग कारागृह खात्याचेच हवे आहेत. तरतूद मुख्य लेखाशीर्ष २०५६ खालची एकूण घेतली आहे आणि बंदीसंख्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातली आहे.

जुना_लेखापाल
मग गुंता इथेच आहे. २०५६ हे तुरुंगांचे संपूर्ण मुख्य शीर्ष आहे. त्यात संचालन व प्रशासन येते, कर्मचाऱ्यांचे वेतन व भत्ते येतात, आणि कारागृह उद्योगांसाठी लागणारा कच्चा मालही येतो. ४७ रुपयांच्या आकड्यात यातले वेतन धरलेलेच नाही. तो आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातील ‘बंद्यांवरील खर्च’ या कोष्टकावर उभा आहे, ज्यात अन्न, कपडे, औषधोपचार, शिक्षण व प्रशिक्षण, कल्याणकारी उपक्रम आणि ‘इतर’ एवढेच रकाने असतात. त्यामुळे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ४७ रुपये म्हणजे वर्षाला १७,१५५ रुपये होतात. तेवढ्यात एक माणूस कोठडीत ठेवता येतो असा अर्थ कोणी काढला, तर ते हास्यास्पद होईल, कारण भिंत, पहारेकरी आणि वीजबिल त्यात नाहीत.

छेदाकडेही लक्ष द्या. अहवालातील बंदीसंख्या ३१ डिसेंबर या एका दिवसाची असते आणि खर्च एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचा असतो. एका दिवसाच्या गर्दीने वर्षभराचा खर्च भागणे ही सोय आहे, काटेकोर हिशोब नव्हे.

दत्ता_डोंबिवली
माझे मत थोडे वेगळे आहे. ४७ असो की ४७०, हा पैसा करदात्यांचाच आहे. डोंबिवलीहून रोज लोंबकळत जाणाऱ्याला सरकार दिवसाला ४७ पैसेही देत नाही. बंद्यांकडून काम करून घ्यावे आणि जेवणाचा खर्च त्यांच्या मजुरीतून वळता करावा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

वकील_किल्ला
दत्ताजी, काम सिद्धदोष बंद्यांकडून करून घेता येते. न्यायाधीन बंद्याला कोणत्याही न्यायालयाने अद्याप दोषी ठरवलेले नसते, त्यामुळे त्याला सक्तीने कामाला लावता येत नाही. २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ७५.८ टक्के न्यायाधीन होते. म्हणजे ज्यांच्या मजुरीतून आपण जेवण वळते करू पाहता, त्यांच्यातील चारांपैकी तिघांना मजुरीच नाही.

धागाकर्तीने क्षमतेची तुलना करताना हाच मुद्दा आधी मांडावा असे मला वाटते. मुंबईतल्या न्यायालयांनी कोठडी दिलेला माणूस आर्थर रोड, ठाणे, तळोजा किंवा भायखळ्याला जातो. त्याला मोठी शिक्षा लागली, की बहुतेक वेळा त्याची रवानगी येरवडा, नाशिक रोड किंवा कोल्हापूरच्या कळंब्याला होते. त्यामुळे मुंबईच्या बाजूला न्यायाधीन बंद्यांचा भरणा अधिक, तर तिकडच्या मोठ्या कारागृहांत शिक्षा भोगणाऱ्यांचे प्रमाण तुलनेने जास्त असते. न्यायाधीन बंदी स्वतःचे कपडे वापरतो, कारखान्यात जात नाही, परंतु न्यायालयाच्या तारखांना त्याला सतत न्यावे लागते. सिद्धदोष बंद्याला गणवेश, काम आणि मजुरी द्यावी लागते. ‘एक बंदी’ हे माप दोन्हीकडे सारखे नाही.

जुना_लेखापाल
वकील साहेबांच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. न्यायालयात ने-आण करणारा बंदोबस्त पोलिसांचा असतो आणि त्याचा खर्च २०५५ या पोलिसांच्या शीर्षाखाली पडतो. इमारतींचा खर्च सार्वजनिक बांधकामाच्या शीर्षांत जातो. त्यामुळे न्यायाधीन बंद्यांनी भरलेले कारागृह कारागृह खात्याच्या वहीत स्वस्त दिसते, कारण त्याचा मोठा भार दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो. हे एक वाक्य आपल्या तक्त्याखाली टीप म्हणून घातले नाही, तर वाचणारा दक्षिण विभाग काटकसरी आहे असे समजेल.

अर्जदार
ही सगळी शीर्षांची चर्चा तर्कावर चालली आहे. अधिकृत कागदाशिवाय तक्त्याला किंमत नाही, आणि कागद अर्जानेच मिळतो.

जुना_लेखापाल
तर्क नव्हे. शासनाच्या बीम्स या संकेतस्थळावर लेखाशीर्षनिहाय तरतूद, वितरण आणि खर्च कोणालाही पाहता येतो. त्यासाठी अर्ज लागत नाही. प्रत्येक गोष्टीला अर्ज हाच उपाय मानणे म्हणजे उघड्या दाराची कडी वाजवत बसणे आहे.

अर्जदार
बीम्सवर ‘अन्न’ आणि ‘कपडे’ असे वेगळे मिळतील का, तेवढे सांगा. आहारसामग्री, साहित्य व पुरवठा अशी खर्चाची उद्दिष्ट शीर्षे दिसतील, त्यांतून दर बंद्यामागील खर्च तुम्हाला हातानेच काढावा लागेल. म्हणजे कागदाची गरज राहतेच.

निवृत्त_मुलुंड
मी कारागृहाच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून आतली पद्धत सांगतो. बराकी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना मोजदाद होते. तिला आम्ही ‘टोटल’ म्हणतो. टोटल जुळली नाही, तर कोणाचीही पाळी सुटत नाही. एकदा संध्याकाळी एक आकडा कमी भरत होता, सगळ्या बराकी पुन्हा मोजल्या, आणि तो बंदी दवाखान्याच्या खाटेवर झोपलेला निघाला, तोवर पाळीवरचे सगळे ताटकळत उभे होते. तर मुद्दा असा, की शिधा त्या दिवशीच्या बंदीसंख्येनुसारच कोठीतून निघतो. डाळ, तांदूळ, कणीक, तेल, सगळे माणशी ठरलेल्या वजनाने मोजून दिले जाते. त्यामुळे अन्नाच्या खर्चाला खरा छेद हवा असेल, तर ३१ डिसेंबरची संख्या सोडा आणि वर्षभराची दैनंदिन सरासरी घ्या. ती प्रत्येक कारागृहात तयार असते.

क्षमतेबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. क्षमता ही जागेच्या मापावरून ठरते. आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत प्रत्येक बंद्यामागे ३.७१ चौरस मीटर जागा धरलेली आहे. मात्र टोळ्यांना वेगळे ठेवायचे, धोका असलेल्याला वेगळे ठेवायचे, आजाऱ्याला वेगळे ठेवायचे, असे करता करता एक कोठडी अर्धी रिकामी आणि शेजारची बराक ओसंडून वाहते. टक्केवारीत हे कधीच दिसत नाही.

शुभदा_भांडुप
मध्येच विचारते याबद्दल क्षमस्व. माझ्या शेजारणीचा मुलगा तळोज्याला आहे. त्याच्या भेटीसाठी आधी नाव नोंदवावे लागते का?

निवृत्त_मुलुंड
हो, मुलाखतीची नोंदणी आधी करावी लागते. ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा जवळ ठेवायला सांगा. बाकी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

करीरोडवाली
धन्यवाद, आता पुष्कळ उलगडा झाला. काहींनी व्यक्तिगत संदेशात विचारले म्हणून सांगते, हा तक्ता एका आमदारांच्या कार्यालयासाठी आहे आणि अधिवेशनातील चर्चेसाठी टिपण द्यायचे आहे. साहेबांना एका ओळीत ‘महाराष्ट्र सर्वांत कमी खर्च करतो’ असे हवे आहे. ते लिहू का? आणि आंध्रशी तुलना ठेवू का?

वकील_किल्ला
हे पहिल्याच संदेशात सांगितले असते, तर निम्मा धागा वाचला असता. इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार महाराष्ट्र तळाला आहे हे आपण निःसंकोच लिहा. त्यात खोटे काही नाही. फक्त ते कौतुक म्हणून वाचले जाणार नाही याची काळजी घ्या. सुमारे २५ हजारांच्या क्षमतेत ४० हजारांहून अधिक माणसे कोंबली, की बराक, दवाखाना, नळ आणि शौचालय यांचा माणशी वाटा घटतो आणि खर्चही घटलेला दिसतो. करोनाच्या आधी ८०४ क्षमतेच्या आर्थर रोडमध्ये तीन हजारांच्या आसपास बंदी होते. तिथला माणशी खर्च कमी भरला तर त्याचे श्रेय कोणाच्या काटकसरीला देणार?

जुना_लेखापाल
आंध्राचा आकडा चौकटीत टाकून ठळक करू नका. तो आपल्या पंधरा पटींहून अधिक आहे, पण आंध्रातला बंदी आपल्या बंद्याच्या पंधरा पट भात खात नाही. असा फरक दिसला, की आधी ‘इतर’ हा रकाना उघडून पाहावा, कारण कोणते राज्य तिथे काय काय टाकते यावर सगळे अवलंबून असते. तुलना करायचीच असेल, तर केवळ अन्न आणि औषधोपचार या दोन रकान्यांची करा. तिथे गोंधळाला वाव कमी आहे.

आधारवर्ष म्हणून २०२० घेऊ नका. त्या वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून राज्यांनी उच्चाधिकार समित्या नेमल्या आणि तात्पुरत्या जामिनावर व अभिवचन रजेवर (पॅरोलवर) अनेक बंदी सोडले गेले. २०२२ घ्या. त्या वर्षअखेरीस देशाची क्षमता ४,३६,२६६ होती आणि भरणा १३१.४ टक्के होता.

दत्ता_डोंबिवली
म्हणजे नवी कारागृहे बांधा, एवढाच निष्कर्ष ना?

वकील_किल्ला
नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले बंदी यातून वगळले आहेत. शिवाय जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आत राहिलेल्यांसाठी केंद्राची २०२३ पासून योजना आहे, जिच्यात सुरुवातीला जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत ठरली होती. बांधकामाचा एक चौरस मीटर वाढवण्याआधी आमदारांनी या दोन तरतुदींखाली विभागवार किती बंदी सुटले हे विचारावे. सभागृहात उत्तर द्यावेच लागते.

करीरोडवाली
ठरले. क्षमता आणि बंदीसंख्या कारागृह खात्याच्या संकेतस्थळावरील कारागृहनिहाय विवरणातून घेते आणि तिची विभागवार बेरीज मीच करते. न्यायाधीन व सिद्धदोष असे दोन वेगळे रकाने ठेवते. खर्च फक्त राज्यस्तरावर देते, अन्न आणि औषधोपचार वेगळे काढून, आणि पोलीस बंदोबस्ताची टीप खाली घालते. ४७ रुपयांचे वाक्य राहील, पण गर्दीच्या टक्केवारीच्या लगेच नंतर. विभागवार खर्चाचा रकाना कोरा सोडून त्याचाच प्रश्न करते.

अर्जदार
विभागवार खर्चासाठी अर्जही आजच टाकून ठेवा. या अधिवेशनाला नाही, तर पुढच्याला उपयोगी पडेल.