पिंग चालतं, नाव सापडतं, पण पान उघडत नाही: कुठला प्रोटोकॉल अडतोय?

रावपुरा_वर्ग (वडोदरा)
रावपुऱ्यातल्या आमच्या संगणक वर्गात नवी फायबर जोडणी घेतली आहे, राउटरवर पीपीपीओई (इथरनेटवरून कंपनीत लॉगिन करायची पद्धत) लॉगिन. पिंगला (जोडणी तपासायच्या छोट्या चाचणीला) उत्तर येतं, क्रोममध्ये यूट्यूब चालतं. पण काही साइट नुसत्या फिरत राहतात आणि शेवटी टाइमआउट. तेच लॅपटॉप मोबाइल हॉटस्पॉटवर व्यवस्थित चालतात. मुलांना सध्या टीसीपी/आयपी शिकवते आहे, तेव्हा उपायाबरोबर आत काय घडतं तेही सांगा.

सूरसागर_काठ
ताई, वर्गात दाखवायला यापेक्षा चांगला बिघाड मिळणार नाही.

पान उघडताना आधी डीएनएस नावाचा आयपी पत्ता शोधतं, सहसा यूडीपी पोर्ट 53 वर. मग टीसीपीची जोडणी, तीन छोट्या पॅकेटांची: सिन, सिन-ॲक, ॲक. त्यावर टीएलएस (कूटबद्ध आवरण) आणि त्याच्या आत एचटीटीपी (पानाची देवाणघेवाण). टीसीपी जुळेपर्यंतची पॅकेट लहान असतात, ती जातात. सर्व्हर टीएलएसमध्ये आपली सर्टिफिकेट पाठवतो ती मात्र बहुधा दोन-चार हजार बाइटची, म्हणजे पूर्ण आकाराची काही पॅकेट. गाडं तिथेच अडतं.

कारण आकाराचं आहे. इथरनेटवर आयपी पॅकेट जास्तीत जास्त 1500 बाइटचं, हा एमटीयू. पीपीपीओई त्यातले 8 बाइट घेतं, उरतात 1492. लॅपटॉपला हे माहीत नसतं. आयपी आणि टीसीपीचे 20-20 बाइट वजा करून तो सिनमध्ये एमएसएस (एका पॅकेटात मावणारा जास्तीत जास्त डेटा) 1460 सांगतो, आणि सर्व्हर 1500 चं पॅकेट 'तुकडे करू नका' हा डीएफ बिट लावून पाठवतो. कंपनीच्या टोकाच्या यंत्रातून ते पुढे जात नाही. ते यंत्र पॅकेट टाकून देतं आणि सर्व्हरला आयसीएमपी (अडचणी कळवणारा प्रोटोकॉल, पिंगही त्याचाच) संदेश धाडतं (टाइप 3, कोड 4): 1492 च्या आत पाठवा. हा संदेश फायरवॉलने अडवला, तर सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. ज्या साइटच्या वाटेवर आयसीएमपी मोकळं आहे, त्या चालतात.

मांडवी_नेट
आधी खात्री करा. विंडोजचं साधं पिंग फक्त 32 बाइट पाठवतं, त्यामुळे ते चालल्याने काहीच सिद्ध होत नाही. पिंगला -एफ आणि -एल 1464 हे पर्याय द्या (अक्षरं इंग्रजी, लहान लिपीतली). 1464 अधिक आयसीएमपीचे 8 अधिक आयपीचे 20, बरोबर 1492. हे गेलं आणि 1465 अडलं, तर निदान पक्कं. 1464 सुद्धा अडलं तर दहा-दहाने कमी करत जा. आणि 1465 ला डीएफबद्दलचा संदेश न येता नुसता टाइमआउट आला, तर राउटरच्या वॅनचा (इंटरनेटकडच्या जोडणीचा) एमटीयू चुकून 1500 भरलेला असण्याची दाट शक्यता आहे.

उपाय: वॅन एमटीयू 1492 करा आणि एमएसएस क्लॅम्पिंग चालू करा. मग राउटर जाता-येता सिनमधला आकडा 1452 वर आणतो. प्रत्येक लॅपटॉपवर एमटीयू बदलत बसू नका. एकावर चाचणीपुरतं ठीक.

अलकापुरी_पॅकेट
यूट्यूबचं कोडं राहिलं. क्रोम तिथे बहुधा टीसीपीऐवजी क्विक हा प्रोटोकॉल वापरतो, यूडीपी पोर्ट 443 वर. क्विकची सुरुवातीची पॅकेट 1200 बाइटच्या आसपास असतात आणि मोठा आकार तपासल्याशिवाय तो वापरत नाही. म्हणून 1492 ची अडचण त्याला भासत नाही.

आयपीव्ही6 (आयपीची नवी आवृत्ती) चालू असेल तर तिथेही क्लॅम्प लावा. त्याचा हेडर 40 बाइटचा, त्यामुळे एमएसएस 1432. त्यात वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाहीत, म्हणून आयसीएमपीव्ही6 सरसकट बंद करणं फारच महागात पडतं.

रावपुरा_वर्ग
1464 गेलं, 1465 ला टाइमआउट. वॅनमध्ये खरंच 1500 होतं. बदलून क्लॅम्प लावला, साइट उघडल्या. हा फरक मुलांना वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून पाहायच्या साधनात) दाखवता येईल का?

सूरसागर_काठ
येईल, पण लॅपटॉपवरून जाणाऱ्या सिनमध्ये पाहू नका. तिथे 1460 च दिसेल, कारण बदल पुढे राउटरमध्ये होतो. येणारा सिन-ॲक उघडा आणि टीसीपी ऑप्शन्समधला एमएसएस वाचा: क्लॅम्प बंद असताना बहुतेक साइटचा 1460, चालू असताना 1452 किंवा कमी.