मदत हवी आहे: बर्फावरील हिवाळी चढाईचे शिक्षण नवख्याने कोणत्या क्रमाने घ्यावे?

नमस्कार. मी पुण्यात नोकरी करतो, वय ३६ वर्षे. गेली बारा वर्षे सह्याद्रीत नियमित भटकत आहे; हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग आणि इतर अनेक कातळटप्पे झाले आहेत, आणि दोरावर चढण्या-उतरण्याचे प्राथमिक शिक्षणही घेतले आहे. उंचीची आणि दरीची भीती त्यामुळे बरीचशी गेली आहे. माझी अडचण बहुधा तिथूनच सुरू होते.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच मित्र उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला (३,८१० मीटर) गेलो होतो. पहाटे तीनला तळावरून निघून सूर्योदयाला माथा गाठला आणि ऊन तापण्यापूर्वीच उतरायला सुरुवात केली. माथ्याखालचा उतार रात्रभर गोठून टणक झाला होता. पायांत मायक्रोस्पाइक (बुटावर ओढून घालायचे लहान दातेरी साखळ्यांचे जाळे) होते, हातात काठी होती. घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे टाकतो, वेळप्रसंगी बूड टेकवतो, तसेच मी सवयीने केले आणि दोन्ही पाय एकदम सुटले. वॉटरप्रूफ विजारीवर मी घसरगुंडीवर बसल्यासारखा खाली निघालो. सह्याद्रीत अशा वेळी कारवीचा एखादा बुंधा तरी हाताला लागतो. इथे नखांत फक्त रवाळ बर्फ आला आणि काठी माझ्याही पुढे निघून गेली. आठ-दहा मीटर खाली उभ्या असलेल्या स्थानिक वाटाड्याने आडवे होऊन मला थोपवले. तेव्हा सगळेच हसलो, मीही हसलो. रात्री तंबूत मात्र लक्षात आले की थांबण्यासाठी नेमके काय करायचे असते, हे मला त्या क्षणी ठाऊकच नव्हते.

आता मित्र फेब्रुवारीत चार हजार मीटरपेक्षा उंच खिंड ओलांडण्याचे ठरवत आहेत आणि आगाऊ रक्कमही भरून झाली आहे. आयोजक सांगतात की क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब पोलादी दाते) आणि आइस ॲक्स (बर्फात वापरायची कुदळीसारखी कुऱ्हाड) वाटेतच देऊ आणि अर्ध्या दिवसात वापरायला शिकवू. हे पुरेसे आहे का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की, गिर्यारोहण संस्थेचा चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करण्याइतकी सलग रजा काढणे कठीण असले तरी त्याला खरोखर पर्याय आहे का? आणि शिकवणारा माणूस योग्य आहे की नाही, हे ज्याला स्वतःला काहीच येत नाही अशा माणसाने कशावरून ओळखावे? साहित्याची यादी नको आहे, ती सर्वत्र मिळते. शिकण्याचा क्रम हवा आहे.

प्रतिसाद

आपण घसरलात ही गोष्ट मोकळेपणाने लिहिलीत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि पुढे ॲडव्हान्स कोर्स केला आहे.

अर्ध्या दिवसात आइस ॲक्स हातात कशी धरायची एवढे समजते. पडत असताना ती आपोआप वापरली जाणे ही वेगळी गोष्ट आहे. सेल्फ अरेस्टचा, म्हणजे घसरताना ॲक्सने स्वतःला थांबवण्याचा, सराव खाली सपाट मोकळी जागा असलेल्या उतारावर, क्रॅम्पॉन न घालता करतात: आधी पायांकडून घसरत, मग पाठीवर, मग डोके खाली ठेवून. एक हात ॲक्सच्या डोक्यावर, दुसरा दांड्याच्या टोकाशी, ॲक्सचे डोके खांद्याजवळ, आणि छातीचा सगळा भार टाकून डोक्याची अणकुचीदार चोच बर्फात दाबायची. क्रॅम्पॉन घातलेले असतील तर पाय वर उचललेले हवेत, कारण दाते बर्फात अडकले की माणूस उलटा फेकला जातो आणि घोटाही मोडू शकतो. हे वाचून येत नाही. आम्हाला ओल्या हातमोज्यांनी इतक्या वेळा पाडले होते की दुसऱ्या दिवशी जेवताना चमचा धरवत नव्हता.

तरीही हा शेवटचा उपाय आहे, कारण टणक बर्फावर पहिल्या एक-दोन सेकंदांत थांबला नाहीत तर वेग आवरत नाही. त्यामुळे खरे शिक्षण पायांचे. टणक उतारावर वजन पायांवर ठेवून किंचित पुढे झुकायचे असते. मागे रेललात की तळव्याची पकड सुटते. आपली बारा वर्षांची सवय नेमकी इथे आडवी आली. ॲक्स नेहमी चढाच्या बाजूच्या हातात राहते आणि वळण आले की हात बदलायचा असतो, ही साधी गोष्टसुद्धा अंगवळणी पडायला काही दिवस जातात.

रजेबद्दल म्हणाल तर मी काढावीच असे म्हणेन. उत्तरकाशीला टेखला येथील कातळावर आधी दोराचे काम होते आणि मग डोकराणी हिमनदीवर बर्फाचे. दार्जिलिंगच्या हिमालयन गिर्यारोहण संस्थेचे (स्थापना १९५४) बर्फातले प्रशिक्षण सिक्कीममधील चौरीखांग येथे होते. मनालीची आणि पहलगामची संस्थाही आहे. अर्ज फार आधी करावा लागतो. मात्र हे कोर्स बहुतेक वसंतात किंवा पावसाळ्यानंतर होतात, भर हिवाळ्यात नव्हे, त्यामुळे प्रमाणपत्र हाती आले म्हणून फेब्रुवारीचा बर्फ कळू लागला असे समजू नये.

हिवाळ्यात मुख्य प्रश्न हिमस्खलनाचा असतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ते सर्वाधिक घडते, म्हणजे चढायला आकर्षक वाटतो त्याच उतारावर, आणि मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस विशेष धोक्याचे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते; म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा शोध घेण्यासाठी संदेश देणारे-घेणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे गटातल्या प्रत्येकाकडे हवे आणि ते वापरायचा सरावही हवा. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर झालेल्या हिमस्खलनात पंचवीसहून अधिक गिर्यारोहक मरण पावले, आणि ते प्रशिक्षकांसोबत असलेले, बेसिक कोर्स पूर्ण केलेले लोक होते. घाबरवण्यासाठी नाही, धोक्याचे प्रमाण कळावे म्हणून लिहितो.

शिकवणारा ओळखायचा तर त्याला विचारा की माथा न गाठता तो शेवटचा कधी परतला आणि का. ज्याला हे आठवून सांगता येते त्याच्याबरोबर जावे. ‘आमचा गट कधीच परतत नाही’ असे कौतुकाने सांगणाऱ्याकडे पैसे भरू नयेत. एका प्रशिक्षकामागे किती जण असतील आणि परतण्याची ठरलेली वेळ कोणती, हेही विचारा.

फेब्रुवारीच्या खिंडीबद्दल माझे मत: जाऊ नका.

मूळ लेखकाकडून

मनःपूर्वक आभार. आपण सुचवलेले प्रश्न आज आयोजकांना फोनवर विचारले. एका प्रशिक्षकामागे किती जण, याचे उत्तर ‘बारा-पंधरा’ असे आले. परतण्याच्या वेळेबद्दल ‘तिथे गेल्यावर बघू’. मी माझे नाव काढून घेतले आहे, आगाऊ रक्कम बुडाली. दोन मित्र अजून जाण्यावर ठाम आहेत, त्यांना हा प्रतिसाद पाठवला आहे.

आणखी एक शंका आहे. माझे ट्रेकिंगचे बूट तळव्यातून सहज वाकतात. कोर्सला संस्थेचे बूट मिळतात असे ऐकले आहे; तरी सरावासाठी वेगळे कडक तळव्याचे बूट आधीच घ्यावेत, की तिथे पायाला काय मानवते ते पाहून नंतर घ्यावेत?