मुलाला सिकलसेल आहे (एसएस), हायड्रॉक्सीयुरिया चालू करायला सांगितलंय, मेडिकलवाला म्हणतो कॅन्सरची गोळी आहे.. देऊ का?

साडेसहाची_एसटी
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले, मुलगा ६ वर्षांचा, एसएस पॅटर्न म्हणजे सिकलसेलचा पूर्ण आजार. आठ-नऊ महिन्यांचा असताना दोन्ही हातांचे पंजे अन पावलं सुजली होती, नुसता हात लावला तरी किंचाळायचा. गावात वात म्हणून तेल दिलं, नंतर पीएचसीत सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मग पुढच्या तपासणीत एसएस निघालं. तेव्हापासून फॉलिक ॲसिडची गोळी चालूच आहे. पण या थंडीत फार हाल झाले हो, पाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडतो, सारखं ॲडमिट करावं लागलं, एकदा रक्तपण चढवलं. आता नागपूरला मेडिकलमधे (मोठ्या सरकारी दवाखान्यात) दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिली. चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो तर दुकानदार म्हणे ताई ही कॅन्सरची गोळी आहे, एवढ्या लहान लेकराला कोण देतं. झालं, घरी सगळे माझ्यावरच. सासूबाई म्हणतात केस जातील, पुढे त्याला मुलंबाळं होणार नाहीत. गोळी कपाटात पडून आहे आणि मला झोप नाही. ज्यांची मुलं घेतात त्यांनी प्लीज सांगा. आणि शाळेचं काय करायचं तेही सांगा, महिन्यातून आठ दिवस घरीच असतो.

वॉर्ड_नंबर_७
ताई, मी स्टाफ नर्स आहे, गोंदियाकडे बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीत. डॉक्टर नाही, पण हे औषध रोज बघते म्हणून सांगते.
दुकानदार खोटं नाही बोलला, रक्ताच्या काही कॅन्सरमधे हेच औषध देतात. पण तुमच्या मुलाला ते कॅन्सरसाठी दिलेलंच नाही. तुम्ही लिहिलंय ना आठ-नऊ महिन्यांचा असताना हात सुजले, त्याच्या आधी काही नव्हतं? कारण जन्मलेल्या बाळाच्या रक्तात एचबीएफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते असेपर्यंत लाल पेशी विळ्यासारखी वाकत नाही. सहा महिन्यांनंतर ते कमी होत जातं आणि मग त्रास सुरू. हायड्रॉक्सीयुरिया तेच एचबीएफ पुन्हा वाढवते. पेशी कमी वाकल्या की बारीक रक्तवाहिन्यांत अडकत नाहीत, अडकल्या नाहीत की तो हाडातला ठणका कमी. १९९५ साली अमेरिकेत मोठ्या माणसांवरचा अभ्यास आला त्यात दुखण्याचे झटके जवळपास अर्ध्यावर आले होते, नंतर २०११ मधे वर्षभराच्या आसपासच्या बाळांवरचाही अभ्यास झाला, म्हणजे सहा वर्षांचं मूल काही पहिलं नाहीये.
पण हे औषध आणलं आणि दिलं असं नाही, नीट चालवावं लागतं. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), डोस बसला की मग दोन-तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी फार उतरल्या किंवा प्लेटलेट ८० हजारांच्या खाली गेल्या तर डॉक्टर गोळी थांबवतात, आकडे वर आले की परत सुरू करतात, यात घाबरायचं काही नाही, त्यासाठीच तर सीबीसी असते. केसांचं म्हणाल तर कधी थोडे विरळ होतात, नखं काळपट दिसतात. पुढे मुलं होण्याबद्दल, पुरुषांत औषध चालू असताना शुक्राणू कमी होऊ शकतात, बऱ्याच जणांत बंद केल्यावर सुधारतात, पण हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. आणि फरक पडायला तीन ते सहा महिने लागतात. इथेच लोक चुकतात, महिनाभर देतात, पोरगं पुन्हा दुखतंय म्हणतं, की औषध बेकार म्हणून बंद.
कॅप्सूल बहुतेक ५०० एमजीची मिळते, तुमच्या मुलाचं वजन १५-१६ किलो असेल तर रोज अख्खी बसणार नाही. चिठ्ठीवर रोज लिहिलंय की एक दिवसाआड ते बघा. पाण्यात विरघळवून मोजून द्यायला सांगितलं असेल तर कसं ते ओपीडीतच करून दाखवायला लावा, घरी मनाने फोडत बसू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्या कॅप्सूलला हात लावायचा नाही.
गोळी चालू असो नसो, १०१ च्या वर ताप गेला की घरी थांबायचं नाही. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू असं नाही, रात्री दोन वाजले तरी निघायचं, कारण या मुलांची प्लीहा (पाणथरी) नीट काम करत नाही आणि जंतू रक्तात फार लवकर पसरतात. न्यूमोकोकलची लस झालीय का बघा. छातीत दुखून धाप लागली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, किंवा अचानक पांढराफटक पडून पोट डावीकडे फुगलं तरी तसंच. प्लीहा हाताला कशी लागते ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. आमच्या वॉर्डात एक आई होती, तिने झाडूच्या काडीवर बॉलपेनने खूण केली होती, बरगडीपासून प्लीहा कुठपर्यंत लागते त्याची. रोज आंघोळीनंतर लेकराला आडवं पाडून काडी लावून बघायची. एक दिवस खुणेच्या पुढे दोन बोटं गेली तर लगेच घेऊन आली, हिमोग्लोबिन ३ वर होतं. वेळेवर रक्त मिळालं, पोरगी वाचली.

निसर्गाकडे_चला
केमिकलच्या नादी लागू नका ताई. गव्हांकुर रस + गुळवेल + बीट सकाळी उपाशीपोटी, ६ महिन्यांत सिकलसेल मुळापासून जातो. आमच्याकडे अनुभव आहेत. सोबत लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, रक्त वाढतं.

वऱ्हाडी_मिरची
मुळापासून कसा जाईन भाऊ, मूळ तं जीन्समधे आहे ना. मायबापाकून एक एक जीन आला तवा हे झालं, गव्हाच्या रसानं जीन बदलते का? अन लोहाची गोळी काहून सांगून राह्यला लोकाईले? सिकलसेलमधे रक्त कमी असते थे पेशी लवकर फुटते म्हणून, एकशेवीस दिवस जगाची ते दहा-वीस दिवसातच खतम. लोह कमी आहे म्हणून नाही. ज्याईले वरून रक्त चढोते त्याईच्या आंगात लोह उलट जास्त होते. तपासणीत लोह कमी निघालं तरच गोळी. बीट खा न बापा, बीटाले कोन नाही म्हनते, पन गोळी बंद कराले सांगू नोको.

तापीकाठ
मी स्वतः एसएस आहे, वय ३१, नंदुरबार जिल्हा, पावरा समाजातली. एक मुलगी आहे, ती एएस, म्हणजे नुसती वाहक, आजार नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण तुमच्या घरात भविष्य वगैरे चाललं असेल.
मी हायड्रॉक्सीयुरिया कॉलेजमधे असताना सुरू केली. त्याच्या आधी दर पावसाळ्यात आणि थंडीत माझी हमखास खाट धरलेली असायची. आता वर्षातून एखाद-दोनदा होतं, पूर्ण थांबलं नाही, खोटं का बोलू. उजवा खुबा मात्र खराब झाला, आधीच्या वर्षांत तिथला रक्तपुरवठा अडून हाड बसलंय, जिना चढताना कळतं. ते काही या गोळीने परत येत नाही. म्हणून मला वाटतं की तुमचा मुलगा लहान आहे तोच सुरू करा, माझ्यासारखं हाड गेल्यावर नाही. बाळ हवं होतं तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी आधीच थांबवली होती आणि गरोदरपण जिल्ह्याच्या ठिकाणी काढलं.
दुखण्याबद्दल एक सांगते. दुखणं बाहेरून दिसत नाही. सूज नाही, ताप नाही, एक्स-रे चांगला, आणि माणूस कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन पडलंय. मी एकदा एका दवाखान्यात, नाव नाही घेत, रात्रभर इंजेक्शन मागत होते तर तिथले डॉक्टर बाहेर जाऊन म्हणाले हिला सवय लागलीय. सवय कसली, हाडात आतून कोणी खिळा ठोकतंय असं होतं. त्यामुळे मुलगा दुखतं म्हणाला की आधी विश्वास ठेवा, तो नाटक करत नाहीये. शेकायची पिशवी द्या, बर्फ अजिबात नको, थंडीने नसा आणखी आवळतात. पाणी पाजा, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. गोळ्यांनी थांबत नसेल तर दवाखाना, आणि फाईल सोबत. मी तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, सिकलसेल एसएस, नेहमीचं हिमोग्लोबिन ८, कोणतं औषध चालतं. नाहीतर नवा डॉक्टर ८ बघून दचकतो आणि आधी रक्ताची बाटली मागवतो, आमच्यात ८ म्हणजे रोजचंच.
आणि विहिरीवर, नदीत पोहायला पाठवू नका निदान थंडीत. उन्हाळ्यात तुमच्याकडे ४५-४६ जातं, तेव्हा पाण्याची बाटली गळ्यात.

साडेसहाची_एसटी
सगळ्यांचे खूप आभार, रडू आलं वाचून. काडीचं लगेच करणार. चिठ्ठीवर एक दिवसाआडच लिहिलंय, आता बघितलं. पाण्याचं सांगितलं तेच तर दुखणं आहे, भरपूर पाणी दिलं की रात्री अंथरूण ओलं करतो, सहा वर्षांचा झाला तरी. शाळेत बाई सारखं लघवीला सोडत नाहीत म्हणून हा पाणीच पीत नाही, बाटली भरलेली परत येते. आणि सासूबाईंचं चालूच आहे, हा रोग तुमच्या माहेरचा म्हणून.

वॉर्ड_नंबर_७
अंथरूण ओलं करतो म्हणजे तो आळशी किंवा घाबरट आहे असं नाही हो, सिकलसेलमधे किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून पातळ आणि भरपूर होते, रोखता येत नाही. ओरडू नका त्याला. पाणी दिवसा जास्त द्या, झोपायच्या आधी थोडं कमी, आणि अकराच्या सुमारास एकदा उठवा. शाळेत तोंडी सांगू नका, डॉक्टरांकडून लेखी घ्या की याला पाणी प्यायची आणि लघवीला जायची परवानगी हवी, थंडीत स्वेटर काढायला लावू नये, पावसात ग्राउंडवर उभं करू नये, धावण्याची शिक्षा नको. खेळू द्या, फक्त दमला की बसायला द्या. एक झेरॉक्स मुख्याध्यापकांकडे.
सासूबाईंना सांगा, एसएस व्हायला दोन्हीकडून एक एक जीन यावा लागतो. म्हणजे तुमच्या मिस्टरांकडूनही आलाय. क्वचित एक पालक एएस आणि दुसरा थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्याच दुसऱ्या आजाराचा वाहक) असं असतं, तेव्हाही सिकलसेलचा आजार होतो, पण तेव्हा पण दोघांकडूनच आलेला असतो.

वऱ्हाडी_मिरची
सासूबाईची पन टेस्ट करून घ्या, वाहक निघाल्या तं चूप बसतीन 😄
मजाक बाजूले. दाखल्याचं कोणी सांगतलं का? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल हाये, सिव्हिल हॉस्पिटलमधून दाखला काढा, दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड निंगते. टक्केवारीवर भांडण होते कधी कधी, सगळी फाईल, ॲडमिशनचे कागद सोबत न्या. एसटीच्या साध्या गाडीत सिकलसेलच्या पेशंटले तिकीट नाही, चंद्रपूर-नागपूर करता तं लय फरक पडते. रक्तपेढीतून रक्त पन फुकट भेटते, प्रोसेसिंगचे पैसे मागतले तं देऊ नोका. शासनाचं सिकलसेलचं मिशन २०२३ पासून चालू आहे, गावात तपासणीले आले का घरच्या सगळ्याईले उभं करा, चाळीशीच्या आतल्याईचीच तपासणी करते पन मोठ्याईची आपन बाहेरून करून घ्यावी.

पुण्यातला_गडचिरोलीकर
मधेच घुसतोय सॉरी. मी एएस आहे, मला स्वतःला काहीच त्रास नाही, कॉलेजच्या तपासणीत कळलं. आता घरी लग्नाचं बघतायत आणि आई म्हणते सांगू नकोस, आपलं स्थळ जाईल. वाचलंय की वाहकांना मलेरिया कमी त्रास देतो म्हणून आपल्या जंगल पट्ट्यात हे जीन टिकून राहिलं, हे खरंय का? आणि जीन थेरपी (जीन्सवरच करायचा उपचार) आलीय म्हणतात ना आता, मग एवढं काय घाबरायचं?

तापीकाठ
मलेरियाचं खरंय, १९५४ मधे आफ्रिकेत ते दाखवलं गेलं, वाहकाला जीवघेणा मलेरिया कमी होतो. पण हे फक्त एएस ला. एसएस ला मलेरिया झाला तर उलट जास्त धोका, त्यामुळे मच्छरदाणी आमच्याकडे बारा महिने.
जीन थेरपीला २०२३ च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर होती, रुपयांत काढून बघा. त्यातही आधी केमोथेरपी देऊन मज्जा रिकामी करावी लागते. बोन मॅरो (हाडातली मज्जा) बदलायला सहसा सख्ख्या भावंडाचा मॅच लागतो, तो जमण्याची शक्यता चारात एक. त्यावर भरवसा ठेवून लग्न करू नका.
तुमचं साधं आहे. मुलगी एए, म्हणजे सिकलसेलचा जीनच नसलेली, असेल तर तुमच्या मुलांपैकी कोणाला एसएस होत नाही, फार तर एएस. मुलगी पण एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, म्हणजे पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. तेव्हाही लग्न करू नये असं कोणी म्हणत नाही, पण दिवस गेल्यावर दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान गर्भाची तपासणी करता येते हे दोघांना आधीपासून माहीत पाहिजे. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट करून थांबू नका, त्यात थॅलेसेमिया मायनर कळत नाही, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी रक्ततपासणी) करा, आणि मुलीला दोन-तीन महिन्यांत रक्त चढवलं नसेल याची खात्री करा, नाहीतर रिपोर्ट दुसऱ्याच्या रक्ताचा येतो.
आणि सांगा हो तिला. आमच्या ह्यांनी स्वतः आधी एचपीएलसीचा कागद आणून माझ्या वडिलांच्या हातात दिला होता, मगच साखरपुडा.

साडेसहाची_एसटी
आज रात्री जेवणानंतर पहिली कॅप्सूल देतोय, मिस्टर तयार झाले. सीबीसी पंधरा दिवसांनी इथेच ग्रामीण रुग्णालयात करून व्हॉट्सॲपवर नागपूरला पाठवली तर चालेल का, की दरवेळी न्यावंच लागेल?

वॉर्ड_नंबर_७
सीबीसी तिथेच करा, बरेच डॉक्टर रिपोर्ट फोनवर बघतात, पण आधी विचारून घ्या. रिपोर्टवर हिमोग्लोबिनसोबत न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि प्लेटलेट दोन्ही आकडे आले पाहिजेत, कधी कधी तिथे नुसतं हिमोग्लोबिन करून देतात. सुरुवातीला डोस बसवायला वजन लागतं, तेव्हा दर एक-दोन महिन्यांनी मुलाला घेऊनच जा.