अनुभव धागा: 'इथून फाडा'

मंडळी, काल रात्री अकरा वाजता मी ओट्यावरचं पीठ पुसत होतो. पाकिटावर 'इथून फाडा' असं छापलेलं होतं, तिथूनच फाडलं. तर ते आडवं फाटायचं सोडून उभं चिरत थेट बुडापर्यंत गेलं. बायको म्हणाली, "घरात कात्री कशासाठी आहे?" म्हटलं, मग ते 'इथून फाडा' कशासाठी आहे? तर येऊ द्या तुमच्याही फजित्या. आणि त्यातली एखादी वस्तू नव्याने बनवायला तुमच्या हाती दिली तर काय बदलाल, तेही लिहा.

*

धागाकर्ते, दोष तुमच्या हाताचा नाही. कडेला जी बारीक खाच असते तिथे सगळा ताण एकवटतो आणि पाकीट फाटायला लागतं. पण खाचेचं काम तिथेच संपतं. प्लास्टिकचा कागद बनवताना तो ज्या दिशेने ताणला असेल त्या दिशेने सहसा सरळ फाटतो, आडवा ओढलात की वाट्टेल तिकडे पळतो. मी पॅकिंगच्या धंद्यात काही वर्षं काढली आहेत, तरी घरी दातानेच फाडतो.

बिस्किटांच्या पुड्यावरची ओढायची पट्टी मात्र मला आवडते. फक्त तिचं टोक सापडलं पाहिजे.

*

आमच्याकडे दुधाच्या खोक्यावरून रोज सकाळी रामायण. लेक सात वर्षांची, स्वतः ओतायचा हट्ट. भक्‌ करून एक लोंढा यायचा, मग थांबायचा, मग पुन्हा भक्‌. अर्धं पेल्यात, अर्धं टेबलावर. कारण साधं आहे: दूध बाहेर येतं तेव्हा तेवढी हवा आत जायला हवी, आणि तोंड खालच्या कडेला असलं की दूधच हवेची वाट अडवतं. आता खोका उलट बाजूने धरायला शिकवलंय, म्हणजे तोंड वरच्या कडेला येईल असा. दिसायला चुकीचं दिसतं, पण हवा आधीपासून आत शिरत राहते आणि धार एकसारखी पडते. लेकीने हे तिच्या आजोबांना शिकवलं. त्यांना पटलं नाही, त्यांनी सांडलं.

माझा बदल: खोक्यावर नुसतं एक चित्र छापा, कसा धरायचा त्याचं.

*

तेलाची बाटली. ओघळ. कपाटात तेलाचं गोल कडं. बाटलीच्या ओठाची कड धारदार ठेवली तर शेवटचा थेंब तुटून पडतो. गोलसर ठेवली तर तो मागे वळून बाटलीच्या पोटावरून उतरतो. इतकंच हवंय मला आयुष्यात.

*

आईच्या बोटांना संधिवात आहे. बरणीचं झाकण तिच्यासाठी रोजची परीक्षा, आणि "जरा उघडून दे रे" म्हणणं तिला झाकणापेक्षा जड जातं. बरणी गरम भरून बंद करतात, गार झाल्यावर आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. म्हणून झाकणाच्या कडेखाली चमच्याचं टोक घालून किंचित उचकायचं. 'टक्‌' असा आवाज आला की हवा आत गेली, मग झाकण दोन बोटांनी फिरतं. आता ती चमचा घेऊन बसते आणि 'टक्‌' झालं की आम्हाला ऐकू आलं का, ते बघते.

*

सॉसच्या काचेच्या बाटलीच्या बुडावर थापा मारून शर्ट खराब केलेले किती जण? ते हलवल्याशिवाय पातळ होत नाही आणि झालं की एकदम येतं. डोक्यावर उभी राहणारी पिचकणारी बाटली हाइन्झ या सॉसच्या कंपनीने २००२ मध्ये आणली. तिच्या तोंडातली सिलिकॉनची झडप आधी शाम्पूच्या बाटल्यांसाठी शोधलेली होती. दाबलं की उघडते, सोडलं की मिटते.

*

थोडा विरोधी सूर लावतो. सोय आपली होते आणि कचरा दुसऱ्याच्या दारात जातो. पेयांच्या डब्यांची ओढून काढायची कडी १९६०च्या दशकात आली. लोक ती वाळूत फेकायचे आणि तिच्यावर पडून इतरांचे पाय कापले जायचे. १९७५ मध्ये डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली तेव्हा कुठे ते थांबलं. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणंही बाटलीला जोडलेलीच असावी लागतात. पिताना नाकाला लागतं म्हणून लोक वैतागतात. लागू दे. एका वेळच्या त्या चिमुकल्या पुड्यांचं काय करायचं ते सांगा, कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे एकावर एक थर असले की ते वेगळे करणं जिकिरीचं होतं.

*

धागाकर्ता पुन्हा. सगळं वाचून या वेळी झिपवालं पाकीट आणलं. कात्रीने कापलं, पीठ सांडलं नाही, बायकोही खूश. आता त्या झिपच्या खाचेत पीठ जाऊन बसलंय आणि ती लागत नाहीये. सध्या रबरबँड लावलाय.