युद्धकाळात शार्क का वाढले?

प्रश्न: पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली, तेव्हा फ्यूमे बंदरात उतरणाऱ्या मासळीतील शार्कवर्गीय माशांचा वाटा १९१४ मधील ११.९ टक्क्यांवरून १९१८ मध्ये ३६.४ टक्क्यांवर गेला. लाभ लहान माशांनाही व्हायला हवा होता ना?

उत्तर १: सागरी जीवशास्त्रज्ञ उम्बेर्तो दान्कोना यांनी हेच कोडे गणितज्ञ व्हिटो व्होल्टेरा यांच्यापुढे ठेवले. व्होल्टेरांनी १९२६ मध्ये मांडलेल्या समीकरणांनुसार भक्ष्याच्या (इथे लहान माशांच्या) संख्येची दीर्घकालीन सरासरी त्याच्या प्रजननदरावर नव्हे, तर भक्षकाच्या (इथे शार्कच्या) मृत्युदरावर ठरते; जाळी थांबली की तो दर घटतो आणि भक्ष्याची सरासरी उलट खाली येते. मला हा निष्कर्ष आजही विलक्षण वाटतो.

उत्तर २: गणितज्ञ आल्फ्रेड लोट्का यांनीही तीच समीकरणे स्वतंत्रपणे मांडली होती. शेतात कीड आणि तिला खाणारे मित्रकीटक दोन्ही मारणारी फवारणी केल्यास कीडच वाढू शकते, हेही त्यांतूनच उमगते.